शिस्त आवडली, मागणी राहिली

मार्च २०१८मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च मुंबईत पोचला, तेव्हा त्याचं केवढं कौतुक झालं होतं! त्यातलं आज काय आठवतं? पहिलं आठवतं ते हे, की दहावीचे पेपर चालू होते, मुलांचा खोळंबा नको म्हणून दिवसभर चाललेली माणसं रात्रीही थांबली नाहीत आणि सोमय्या मैदानावरून उठून पहाटेपर्यंत आझाद मैदानात पोचली. मग आठवतात फाटक्या चपलांतले फोड फुटलेले तळपाय. मग मुंबईकरांनी वाटलेलं पाणी, बिस्किटं, नव्या चपला. सगळं खरं आणि सगळं चांगलं. आता विचारा, ही माणसं मागत काय होती? इथे चांगल्या शिकल्यासवरल्या माणसाचीही गाडी अडते. 'कर्जमाफी असेल, हमीभाव वगैरे' असं काहीतरी उत्तर येतं. त्यांनी दहावीच्या पोरांचा विचार केला हे पाठ आहे. त्यांची मागणी मात्र पाठ नाही.

अन्यायाची बातमी आली की आपण आधी अन्याय बघत नाही, ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं वागणं बघतो. तो नीट बोलला का? रांगेत चालला का? आमचा रस्ता अडवला का? या परीक्षेत तो पास झाला तर आपण हळहळतो, टाळ्या वाजवतो, क्वचित डोळेही पुसतो. नापास झाला तर त्याच्या अन्यायासकट त्याला निकालात काढतो. दोन्ही वेळा त्याचं म्हणणं काय होतं हे वाचायचं राहूनच जातं. आपल्या नाशिक शहराची, म्हणजे तुमची-माझी, ही सवय मला दिवसेंदिवस जास्त खटकायला लागली आहे.

त्या मार्चमधली बरीच माणसं सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर या भागातली होती. कोकणा, वारली, महादेव कोळी. त्यांच्या मुख्य मागण्यांपैकी एक वनहक्क कायद्याची होती. हा कायदा २००६चा. त्याच्या प्रास्ताविकेतच 'ऐतिहासिक अन्याय' दूर करण्याची भाषा आहे. म्हणजे अन्याय झाला हे संसदेने लिहून दिलेलं आहे, ते सिद्ध करायला कोणी चालत जायची गरज नाही. १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून जो आदिवासी जंगलजमीन कसून पोट भरतो, त्याला चार हेक्टरपर्यंतच्या जमिनीवर हक्क मिळावा, असं हा कायदा म्हणतो. अर्ज ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे जातो आणि तिथून कलेक्टरच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा समितीकडे. गावातल्या वयस्कर माणसाचा जबाब पुरावा म्हणून चालतो. शेतातला जुना बांध, विहीर चालते. वनखात्याने पूर्वी 'अतिक्रमण केलं' म्हणून फाडलेली दंडाची पावतीसुद्धा कामाला येते. आजोबाला झालेला दंड नातवाच्या हक्काचा पुरावा होतो! एवढा सुंदर सूड आपल्या कायद्यांत फारसा सापडत नाही.

कागदावर हे असं. प्रत्यक्षात तक्रार अशी, की दावे कारण न देता फेटाळले जातात, किंवा माणूस कसतो काही एकर आणि मंजूर होतात काही गुंठे. सातबाऱ्यावर नाव नसलं की पीककर्ज नाही, विमा नाही, नुकसानभरपाईच्या यादीत नाव नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या मातीत नागली आणि भात पिकवला, त्या मातीत तो माणूस सरकारदरबारी उपराच राहतो.

हे सगळं किचकट आहे, मान्य. फुटलेल्या पायाचा फोटो बघताक्षणी समजतो. चार हेक्टर आणि दहा गुंठे यांतला फरक समजायला शांतपणे बसावं लागतं. पण याच नाशकात लोकांना एफएसआय, टीडीआर, डीपी रोड आणि गुंठेवारी तोंडपाठ असते. जमिनीचे कागद आपल्याला कळत नाहीत असं कसं म्हणायचं?

१२ मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिलं, वनहक्काच्या दाव्यांसाठी सहा महिन्यांची मुदत घेतली आणि देश खूश झाला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१९मध्ये, हीच माणसं पुन्हा निघाली आणि पुन्हा आश्वासनावर थांबली. मार्च २०२३मध्ये दिंडोरीहून तिसऱ्यांदा निघाली आणि ठाणे जिल्ह्यात वाशिंदपर्यंत गेली. तिथे एका शेतकऱ्याचा मृत्यू झाला. पहिल्या मार्चचे पाय सगळ्यांना आठवतात, या माणसाचा मृत्यू किती जणांना माहीत आहे? तोपर्यंत फुटलेले पाय बघून झाले होते ना.

'आंदोलन जरूर करा, पण लोकांची गैरसोय करू नका.' कॉलेज रोडच्या कट्ट्यापासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत हे वाक्य इतक्या सहज येतं, की ते घटनेतलंच कलम असावं. हे बोलणारं शहर गैरसोय किती आनंदाने सोसतं ते जरा बघू.

जुन्या नाशकात रंगपंचमीच्या आधी भर रस्त्यात खणतात. पेशवेकाळापासूनच्या रहाडी, म्हणजे हौद, आहेत ते, वर्षभर मातीखाली बुजवलेले. रंगपंचमीला त्या उघडतात, रंगाच्या पाण्याने भरतात, लोक त्यात धप्पा, म्हणजे उडी, मारतात आणि मग त्या पुन्हा बुजवतात. वर परत रहदारी सुरू. चालता रस्ता खेळण्यासाठी खणणारं गाव जगात दुसरं असेल तर मला दाखवा. मला या गोष्टीचा अभिमान आहे, धप्पाही मारलेला आहे. अनंत चतुर्दशीला वाकडी बारवेपासून मिरवणूक निघते तेव्हा मेन रोडवरून रुग्णवाहिका कशी जाईल, असा प्रश्न विचारणारा माणूस आपण अरसिक ठरवतो. लग्नाच्या वरातीने अर्धा रस्ता अडवला तर आपण गाडीची काच वर करून बँडवाल्याचं गाणं ओळखत बसतो.

आणि सिंहस्थ! २९ ऑगस्ट २०१५ची पहिली पर्वणी आठवा. बंदोबस्त एवढा कडक होता, की भाविकांची किलोमीटरच्या किलोमीटर पायपीट झाली आणि शहरात बाजारपेठा ओस पडल्या. टीका झाली, पुढच्या पर्वण्यांना दोर सैल झाले. पण कुंभमेळा रस्ता अडवतो म्हणून तो भरवू नका, असं कोणी म्हणालं नाही, आणि म्हणूही नये. आता २०२७साठी शहर पुन्हा खणलं जातंय आणि आपण धूळ खात, वळसे घालत कामाला जातोय. कुरकुर आहे, पण तिरस्कार नाही.

मग मोर्चाच्या वेळी तिरस्कार कुठून येतो? गैरसोय तर दोन्हीकडे आहे, आणि सणाची मोर्चापेक्षा बऱ्याचदा जास्तच आहे. फरक एवढाच, की सणाच्या गर्दीत आपण स्वतःला बघू शकतो. लाल झेंडा किंवा निळा झेंडा घेऊन येणाऱ्या गर्दीत, डोक्यावर गाठोडं घेतलेल्या सुरगाण्याच्या बाईत, आपण स्वतःला बघत नाही. ती आपल्याला शहरात आलेली परकी वाटते. खरं तर जिल्ह्याच्या ठिकाणी येणं हा तिचा हक्क आहे. तिचा कलेक्टर इथेच बसतो.

शिस्तीने दारं उघडतात यावर ज्यांचा विश्वास आहे, त्यांनी पंचवटीत जाऊन यावं. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला. त्या दिवशीची मिरवणूक जवळपास मैलभर लांब होती. हजारो माणसं आणि बाया, रांगेत, कुठे दंगा नाही, कुठे तोडफोड नाही. आजच्या आपल्या परीक्षेत शंभरपैकी शंभर. समोर काय आलं? बंद दारं. सत्याग्रही दारांपुढे बसले, पाळीपाळीने बसत राहिले. रामनवमीच्या उत्सवात, ९ एप्रिलला, रथ सवर्ण आणि सत्याग्रही अशा दोन्हीकडच्यांनी मिळून ओढायचा असं ठरलं होतं. ऐन वेळी रथ पळवला गेला आणि सत्याग्रहींवर दगड पडले. पुढे आसपासच्या गावांत महारांच्या मुलांना शाळेतून काढणं, रस्ते बंद करणं, दुकानातला माल नाकारणं असे सूड उगवले गेले.

त्या काळात शहराची शांतता कोणी बिघडवली म्हणून बोट दाखवलं गेलं ते दगड मारणाऱ्यांकडे नव्हे, दारात बसलेल्यांकडे. 'थोडा धीर धरा, लोकमत तयार होऊ द्या' असा सल्ला देणारे सज्जनही तेव्हा होते. असे सज्जन प्रत्येक पिढीत निपजतात. ते वाईट नसतात, त्यांना फक्त घाई नसते. कारण दाराच्या आतल्या बाजूला असणाऱ्याला कसली आलीय घाई?

कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी हा लढा वर्षानुवर्षं जिवंत ठेवला. मार्च १९३४मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहून सांगितलं, की देवळात जाऊन लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून हा लढा मांडलाच नव्हता. आपल्या माणसांना जागं करण्याचा, त्यांना त्यांची स्थिती दाखवण्याचा तो सगळ्यात चांगला मार्ग वाटला, म्हणून मांडला. आता शक्ती शिक्षण आणि राजकारणाकडे वळवावी, असं त्या पत्राचं सांगणं आहे. त्यानंतर १३ ऑक्टोबर १९३५ला याच जिल्ह्यात येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. पाच वर्षं शिस्तीत बसलेली माणसं अखेर पाठ फिरवून निघून गेली. मंदिरप्रवेशाचा हक्क पुढे आला तो कायद्याने, पुजाऱ्यांच्या आणि सज्जनांच्या मनपरिवर्तनाने नव्हे. जानेवारी २०२४मध्ये दहा दिवसांच्या अंतराने पंतप्रधान आणि उद्धव ठाकरे, दोघंही काळारामाच्या दर्शनाला येऊन गेले. दोन्ही वेळा बंदोबस्त होता, गर्दी होती, कोणाला गैरसोयीची आठवण झाली नाही.

कांद्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर बोलायला लागलो की माझा आवाज चढतो. २०२३च्या सुरुवातीला भाव इतके पडले, की राज्य सरकारला क्विंटलमागे ३५० रुपयांचं अनुदान द्यावं लागलं, तेही २०० क्विंटलपर्यंतच. किलोला साडेतीन रुपये. ऑगस्टमध्ये भाव जरा सुधारतोय म्हणताना केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसवलं आणि डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली. लासलगाव, पिंपळगाव, चांदवड पेटून उठले, मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला. बंदी उठली ४ मे २०२४ला. या सगळ्या काळात शहरात मी जी वाक्यं ऐकली त्यांत पहिला नंबर होता 'अन्न असं रस्त्यावर ओतणं पाप आहे' याचा. कांदा ओतला तो पिकवणाऱ्याने. चाळीत ठेवला तर सडणार, मार्केटला नेला तर ट्रॅक्टरचं भाडं सुटणार नाही, हा हिशेब त्याने आधी केलेला असतो. त्याचं नुकसान कोणाला पाप वाटलं नाही, ते डोळ्यांपुढे आणणं तेवढं पाप ठरलं.

२०२५च्या पावसाळ्यात आश्रमशाळांमधल्या रोजंदारी कर्मचाऱ्यांनी आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडलं. बाहेरच्या कंपनीमार्फत होणाऱ्या भरतीला त्यांचा विरोध होता. वर्षानुवर्षं शिकवलेलं, रांधलेलं, राखलेलं काम एका ठेक्यात दुसऱ्याच्या हाती जाणार होतं. ताडपत्रीखाली, चिखलात, कित्येक आठवडे माणसं बसली. त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या मंडळींची चर्चा काय? गडकरी चौकात किती वेळ लागतो आणि कुठून वळसा घालावा. आत बसलेली बाई सुरगाण्याच्या कुठल्या आश्रमशाळेत किती वर्षं विज्ञान शिकवत होती, ती नसताना त्या वर्गात कोण उभं आहे, हा विषय वळशापर्यंत पोचलाच नाही.

याउलट, २१ एप्रिल २०२१ला डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून किमान २२ रुग्ण गेले, तेव्हा सगळं शहर हळहळलं. मेणबत्त्या, काळे डीपी, हात जोडलेले संदेश. मृतांची शिस्त चोख असते, ते चौकात बसत नाहीत. त्या हळहळीतून चौकशीचं, जबाबदारीचं पुढे काय झालं याचा पाठपुरावा शहराने म्हणून किती केला, हे ज्याचं त्याने आठवून पाहावं.

आता दुसरी बाजू. रस्ता अडल्यावर खरंच कोणाचा तरी जीव टांगणीला लागू शकतो. रिक्षावाल्याचा दिवस बुडतो, त्याचं पोट काही आंदोलकापेक्षा भरलेलं नसतं. एसटीवर दगड मारणारा माणूस माझ्या मते न्याय मागत नसतो, तो दगडच मारत असतो. आणि सगळ्याच आंदोलनांत पीडित नसतात. जुलै २००३मधल्या मुंबई बंदबद्दल उच्च न्यायालयाने शिवसेना आणि भाजपला प्रत्येकी २० लाख रुपयांचा दंड केला होता, तो मला योग्यच वाटतो. सत्तेच्या आसपास वावरणाऱ्यांनी दुकानांची शटरं ओढायला लावणं आणि गावाकडच्या माणसाने कलेक्टर कचेरीसमोर बसणं यांत फरक आहे. पहिल्याकडे आपलं म्हणणं पोचवायचे दहा मार्ग असतात, तरी तो अकरावा वापरतो. दुसऱ्याकडे अर्ज, विनवणी, तारीख आणि पुढची तारीख हे सगळं संपल्यावर रस्ता उरलेला असतो.

सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही, निदर्शनं नेमून दिलेल्या जागी व्हावीत, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२०मध्ये शाहीन बागच्या प्रकरणात म्हटलं. कायदा म्हणून ते मान्य. पण नेमून दिलेली जागा बहुतेकदा अशी असते, जिथून आवाज कोणाच्याच कानापर्यंत जात नाही. कोणालाही कळू नये अशा बेताने आंदोलन करायचं, तर ते घरीच करावं.

गंमत म्हणजे, गेल्या वर्षी या चरकातून आपला सुखवस्तू नाशिककर स्वतः गेला. नोव्हेंबर २०२५मध्ये तपोवनात साधुग्रामासाठी, म्हणजे कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामाच्या जागेसाठी, झाडं तोडण्याचा प्रस्ताव आला. मॉर्निंग वॉकवाले, डॉक्टर, वकील, कॉलेजची पोरं, आजी-आजोबा झाडांना मिठ्या मारून उभे राहिले. प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. मीही त्यांच्या बाजूचाच. तेव्हा त्यांना काय ऐकावं लागलं? 'तुमचा कुंभमेळ्यालाच विरोध आहे.' 'विकासात खोडा घालू नका.' 'तोडलेल्या झाडांच्या बदल्यात दुसरीकडे लावतोय ना?' म्हणजे मागणीवर उत्तर नाही, मागणाऱ्याच्या हेतूवर शंका. कोणतं झाड किती जुनं, साधुग्रामाचा आराखडा झाडं सोडून बसवता येतो का, हे साधे प्रश्न बाजूला राहिले आणि चर्चा यांना धर्म आवडतो की नाही यावर गेली. सुरगाण्याच्या माणसाला हे नवीन नाही. तो तर जंगलात राहून जंगल मागतो, तरी त्याला जंगलाचा शत्रू म्हणतात.

तपोवनात उभ्या राहिलेल्या माणसांनी तो अनुभव विसरू नये असं मला फार वाटतं. त्यांच्यातले बरेच जण शिकलेले आहेत, अर्ज लिहू शकतात, माहिती अधिकार वापरू शकतात, वर्तमानपत्रात त्यांची ओळख आहे. हेच हात वनहक्काच्या फेटाळलेल्या दाव्यांसाठी एकदा लागले तर? दावा फेटाळल्याचं कारण लेखी मिळवणं, अपिलाची मुदत सांभाळणं, मोजणीचा नकाशा वाचून दाखवणं ही कामं शहरातल्या माणसाला जमण्यासारखी आहेत. त्यात पाय फुटत नाहीत, फोटोही येत नाही.

आणि एक मागणी शहरातल्या वर्तमानपत्रांकडे. मोर्चा येणार असला की आदल्या दिवशी आपण चौकट छापता, 'वाहतूक मार्गात बदल': द्वारक्याकडून येणाऱ्यांनी कुठून जावं, सीबीएसची वाहतूक कुठे वळवली, कोणता रस्ता किती वाजेपर्यंत बंद. फार उपयोगी चौकट असते. तिच्या शेजारी तेवढीच दुसरी छापा. मोर्चेकऱ्यांच्या मागण्या, त्यांतली प्रत्येक कोणत्या कार्यालयात कधीपासून पडून आहे, आणि मागच्या वेळी कोणत्या मंत्र्याने कोणत्या तारखेला काय लिहून दिलं होतं. एका पत्रकार मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, वाचणार कोण? बारीक टायपातला वाहतुकीचा बदल आपण शेवटच्या गल्लीपर्यंत वाचतोच की.